घरपट्टीचा कागद

दक्षिण वेल्समध्ये लानेथ्ली शहराजवळ लानगेन्नेख नावाचे एक खेडे आहे. १९५२ साली ट्रेव्हर आणि आयलीन बीझ्ली हे तरुण जोडपे तेथे राहावयास आले. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला, बायको शिक्षिका. यथाकाल ग्रामीण जिल्हा कौन्सिलाकडून घरपट्टीच्या मागणीचा कागद आला. कागद इंग्रजीत होता. आयलीनबाईंनी उलट कळवले की, आमची भाषा वेल्श आहे, तेव्हा मागणी वेल्शमध्ये यावी. कौन्सिलाने नकार दिला. पट्टी थकली, समन्स निघाले, खटला झाला, आणि एके दिवशी दारात बेलिफ उभे राहिले. पुढली आठ वर्षे हेच चालले. नवराबायको सोळा वेळा कोर्टात उभी राहिली. बेलिफांनी घरातले सामान नेले, पियानोदेखील नेला. अखेर १९६० साली त्यांच्या घरी घरपट्टीचा जो कागद आला, तो इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत छापलेला होता.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा कौन्सिलाच्या हट्टाचे मला फारसे नवल वाटले नाही. सरकारी कचेरीचा हट्ट ही काही एकट्या विलायतेची मिरासदारी नव्हे. नवल वाटले ते पुढचे वाचून. त्या कौन्सिलाचे सभासद स्वतः वेल्श बोलणारे होते. त्या मुलखातली बहुतेक माणसे घरी, बाजारात आणि प्रार्थनामंदिरात वेल्शच बोलत होती. म्हणजे कोणी परका साहेब लंडनहून येऊन 'तुमची भाषा चालणार नाही' असे सांगत नव्हता. आपल्याच भाषेतला कागद आपणच आपल्याच शेजाऱ्याला नाकारीत होते. असे का व्हावे? या प्रश्नाचे बोट धरून मी वेल्सच्या राजकारणात शिरलो, आणि मग पुष्कळ दिवस बाहेर पडू शकलो नाही.

आरंभी थोडी ओळख. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिम कुशीला चिकटलेला डोंगराळ मुलूख. वेल्स हे नाव इंग्रजांनी दिलेले. तेथले लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात आणि भाषेला 'कम्राइग'. ही भाषा इंग्रजीची बोली नव्हे. इंग्रजीचे आणि तिचे कूळच वेगळे. सॅक्सन लोक ब्रिटनच्या बेटावर उतरण्यापूर्वी जी भाषा तेथे बोलली जात होती, तिची ही लेक. लानेथ्ली, लानगेन्नेख या नावांच्या आरंभी मी जो 'ल' लिहिला आहे, तो खरे म्हणजे 'ल' नव्हे. जीभ 'ल'साठी लावायची आणि कडेने वारा सोडायचा, असा तो उच्चार आहे. आपल्या 'ळ'वरून जसा परका माणूस चटकन ओळखू येतो, तसा तेथे या अक्षरावरून ओळखू येतो म्हणतात.

आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३६ आणि १५४३ साली केलेल्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये विलीन झाले. त्या कायद्यांनी कोर्टाची आणि कारभाराची भाषा इंग्रजी ठरवली. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला सरकारी हुद्दा मिळावयाचा नाही. मौज अशी की, हे ट्यूडर राजघराणे मूळचे वेल्श! पुढे हेन्रीच्याच मुलीच्या, एलिझाबेथ राणीच्या राज्यात, १५८८ साली, विल्यम मॉर्गन नावाच्या धर्मोपदेशकाने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. कोर्टातून हाकललेली भाषा अशी देवळात जाऊन बसली, आणि पुढली तीनशे वर्षे देवळानेच तिला जगवले.

१८४७ साली या भाषेवर जो घाव पडला, तो वेल्श माणूस अद्याप विसरलेला नाही. वेल्समधल्या शाळांची स्थिती पाहण्यास तीन कमिशनर पाठवण्यात आले. तिघेही इंग्रज, तिघांनाही वेल्श येत नव्हती. त्यांनी लिहिले की शाळा वाईट आहेत, आणि ते बहुतांशी खरेही होते. परंतु तेवढ्यावर न थांबता, ही भाषाच प्रगतीच्या वाटेतली धोंड आहे असे त्यांनी ठरवले. शिवाय तेथल्या बायकांच्या चालचलणुकीवरही शेरे मारले. अहवालाची बांधणी निळ्या पुठ्ठ्याची होती, म्हणून वेल्समध्ये त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' असे नाव पडले. अशी चौकशी व्हावी ही मागणी पार्लमेंटात कोणी केली होती? विल्यम विल्यम्स या सभासदाने, आणि तो जन्माने वेल्श होता. लानगेन्नेखच्या कौन्सिलाचे मूळ मला येथे सापडते. मुलगा इंग्रजी शिकला तर पोटाला लागेल, ही समजूत लंडनने शिकवली खरी. पण ती शिकले वेल्श आईबाप. त्या काळात कित्येक शाळांत, वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक चकती अडकवीत. दुसरा कोणी सापडला की ती त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी मिळे. सरकारचा असा काही हुकूम नव्हता. मास्तर करीत, आणि पालक चालवून घेत.

आता पक्षांकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्स म्हणजे उदारमतवादी पक्षाचा बालेकिल्ला. जमीनदार इंग्रजाळलेला, इंग्लंडच्या अधिकृत धर्मपीठाचा आणि हुजूरपक्षाचा. कूळ वेल्श बोलणारे, स्वतंत्र प्रार्थनामंदिरात जाणारे आणि म्हणून उदारमतवादी. १८६८ च्या निवडणुकीनंतर उदारमतवाद्यांना मते दिली म्हणून कित्येक कुळांना जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले. १९०६ च्या निवडणुकीत तर वेल्समधून हुजूरपक्षाचा एकही सभासद निवडून आला नाही. अशा पक्षाने भाषेसाठी आणि स्वराज्यासाठी काय केले?

१८८६ साली 'कम्री व्हीद' म्हणजे 'उद्याचे वेल्स' नावाची चळवळ निघाली. आयर्लंडच्या होमरूलचे वारे तेव्हा वाहत होते. वेल्सलाही होमरूल हवे, असे ही तरुण मंडळी म्हणू लागली. होमरूल हा शब्द आपल्या घरातलाच. लोकमान्यांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली ती हाच शब्द घेऊन. वेल्समध्ये तो तीस वर्षे आधी पोहोचला होता, आणि त्याचा तेथला सर्वांत तडफदार वक्ता होता डेव्हिड लॉइड जॉर्ज. चांभारकाम करणाऱ्या मामाने वाढवलेला, घरी वेल्श बोलणारा, जिभेवर सरस्वती असलेला हा तरुण वकील. १८९६ च्या जानेवारीत न्यूपोर्ट शहरी दक्षिण वेल्समधल्या उदारमतवाद्यांची सभा भरली. उत्तरेची आणि दक्षिणेची संघटना या चळवळीत विलीन करावी, असा त्यांचा आग्रह होता. सभेने त्यांना बोलूच दिले नाही. कार्डिफ, न्यूपोर्ट ही कोळशावर आणि बंदरांवर फुगलेली शहरे; तेथे इंग्लंडमधून, आयर्लंडमधून माणसे येऊन वसली होती. आमच्यावर वेल्श कल्पनांचे राज्य आम्ही चालू देणार नाही, असे तेथे स्पष्ट सांगण्यात आले. त्या एका रात्रीत चळवळीचा कणा मोडला.

न्यूपोर्टचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

लॉइड जॉर्ज मग ब्रिटिश राजकारणात शिरले, १९१६ साली पंतप्रधान झाले. डाऊनिंग स्ट्रीटच्या त्या प्रसिद्ध घरात कुटुंबातली बोलणी वेल्शमध्ये चालत. वेल्समधले इंग्लंडचे धर्मपीठ अधिकारच्युत करण्याचा १९१४ चा कायदा महायुद्धानंतर, १९२० साली अमलात आला, तोही त्यांच्याच कारकीर्दीत. स्वराज्याचे मात्र नाव नाही. हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीला 'पोलादी चौकट' म्हणणारे १९२२ सालचे ते भाषण त्यांचेच. लहान राष्ट्राच्या स्वराज्यासाठी ज्याने गळा काढला त्यानेच पुढे दुसऱ्या मोठ्या राष्ट्राला चौकट लागते असे म्हणावे, याचा मला पूर्वी फार राग येई. आता तितका येत नाही. सत्ता हातात आल्यावर माणसाची वाणी बदलते, हे आता पुष्कळदा पाहिले आहे.

उदारमतवाद्यांची जागा मजूरपक्षाने घेतली. केर हार्डी १९०० साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलहून पार्लमेंटात गेले. १९०७ साली हिंदुस्थानात येऊन येथल्या राज्यकारभारावर बोलल्यामुळे विलायती वर्तमानपत्रांनी ज्यांच्यावर तोंडसुख घेतले, ते हेच हार्डी. ते स्कॉटिश, आणि होमरूलचे पक्के पुरस्कर्ते. परंतु १९२२ पासून वेल्समध्ये ज्या मजूरपक्षाचे बहुमत झाले, तो हार्डींचा राहिला नव्हता. त्याचे कारण पाहिल्याशिवाय त्याला दोष देणे योग्य नव्हे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कोळसा बसला, खाणी बंद पडल्या, आणि चार लाखांहून अधिक माणसे पोटासाठी वेल्स सोडून गेली. खाणकामगाराला वाटे, इंग्लंडचा खाणकामगार आपला भाऊ आहे. आपली सुटका लंडनच्या तिजोरीतून होणार आहे, कार्डिफच्या कौन्सिलातून नव्हे.

या विचाराचा सर्वांत तेजस्वी माणूस म्हणजे अनायरिन बेव्हन. ट्रेडिगर गावच्या खाणीत वयाच्या तेराव्या वर्षी उतरलेला. वडिलांना वेल्श येई, मुलगा इंग्रजीत वाढला. त्या गावच्या कामगारांनी वर्गणी काढून दवाखाना चालवला होता. त्याच नमुन्यावर बेव्हन यांनी १९४८ साली साऱ्या ब्रिटनसाठी मोफत वैद्यकीय सेवा उभी केली. त्यांच्यापुढे मी नेहमीच हात जोडतो. पण १९४४ साली पार्लमेंटात वेल्ससाठी म्हणून पहिल्यांदा एक दिवस चर्चा ठेवली, तेव्हा याच बेव्हन यांनी तिची टर उडवली. वेल्सच्या डोंगरातली मेंढी आणि इंग्लंडच्या डोंगरातली मेंढी यांचे प्रश्न वेगळे कसे, असा त्यांचा सवाल होता. मेंढ्यांपुरते ते खरे असेल. मेंढ्यांना घरपट्टीचा कागद येत नाही.

त्याच पक्षात जेम्स ग्रिफिथ्स होते. तेही खाणीतूनच आले. पण त्यांची भाषा वेल्श होती. वेल्सला निदान स्वतंत्र मंत्री हवा, म्हणून ते स्वपक्षीयांशी वर्षानुवर्षे झगडले. अॅटलींच्या सरकारने तो दिला नाही. १९५१ साली हुजूरपक्ष आला, आणि त्याने अर्धामुर्धा मंत्री दिला: गृहमंत्र्यानेच वेल्सकडेही पाहावे. ते गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाईफ, जातीने स्कॉटिश. विलायतेत केळी विकणारी एक पेढी जवळजवळ त्याच नावाची असल्याने वेल्श लोकांनी त्यांचे नाव 'डाय बनानाज', म्हणजे 'दाव्या केळेवाला' असे पाडले. पूर्ण मंत्री आणि स्वतंत्र खाते मिळाले ते १९६४ साली, मजूरपक्षाच्या राजवटीत. पहिले मंत्री अर्थातच ग्रिफिथ्स, वय चौऱ्याहत्तर.

या सगळ्यांच्या बाहेर उभा होता एक चिमुकला पक्ष. १९२५ च्या ऑगस्टमध्ये पुल्हेली गावी राष्ट्रीय साहित्यसंमेलनाच्या गर्दीत, एका मद्यरहित खाणावळीत सहा माणसे जमली आणि वेल्सचा राष्ट्रीय पक्ष जन्माला आला. पुढे त्यालाच प्लाइड कम्री, म्हणजे नुसते 'वेल्सचा पक्ष' असे म्हणू लागले. १९२९ साली त्याच्या पहिल्या उमेदवाराला ६०९ मते पडली. त्याचे अध्यक्ष सॉन्डर्स लुईस हे नाटककार, पंडित, स्वभावाने कडक आणि मतांनी एकांतिक. ते जन्मले इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलच्या पलीकडच्या तीरावर. १९३६ साली वेल्समधल्या पेनिबेर्थ येथे विमानदलाची बॉम्बफेक शाळा उभी राहत होती. लुईस, धर्मोपदेशक लुईस व्हॅलेंटाइन आणि शिक्षक डी. जे. विल्यम्स यांनी तिच्या बांधकामाला आग लावली, आणि स्वतः पोलिसांकडे जाऊन तसे सांगितले. कर्नार्वनच्या ज्यूरीचे एकमत होईना. तेव्हा खटला लंडनला नेला आणि तिघांना नऊ नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

१९५७ साली जे घडले त्याने मात्र पुस्तकी माणसांपलीकडच्या वेल्सलाही जाग आली. लिव्हरपूलला पाणी हवे होते, म्हणून ट्रवेरिन नदीचे खोरे बुडवायचे ठरले. खोऱ्यात कापेल केलिन हे खेडे होते: बारा घरे-शेतवाड्या, शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, दफनभूमी, सारे गाव वेल्श बोलणारे. गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांतून मुले घेऊन मिरवणुकीने गेले. उपयोग झाला नाही. पार्लमेंटात वेल्सचे ३६ सभासद. त्यांतल्या ३५ जणांनी विरोध केला, आणि तरीही कायदा पास झाला. लिव्हरपूलची पालिका मजूरपक्षाची, लंडनचे सरकार हुजूरपक्षाचे, विरोध करणारे सभासद बहुतेक मजूरपक्षाचेच. १९६५ साली खोरे पाण्याखाली गेले. ३५ विरुद्ध शून्य अशी मते पडूनही आपले एक खेडे वाचवता येत नसेल तर त्या मतांचा उपयोग काय, हा प्रश्न त्या दिवशी कित्येकांच्या मनात प्रथम आला. लिव्हरपूलने माफी मागितली, ती २००५ साली.

या धामधुमीत, १३ फेब्रुवारी १९६२ रोजी, वृद्ध सॉन्डर्स लुईस यांनी नभोवाणीवर 'भाषेचे भवितव्य' या विषयावर व्याख्यान दिले. त्यांच्यापुढे १९६१ च्या शिरगणतीचे आकडे यावयाचे होते. १९११ साली वेल्समध्ये शेकडा ४३ माणसांना वेल्श येत होती; १९५१ साली ते प्रमाण २९ वर आले होते. या गतीने एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही भाषा बोलीभाषा म्हणून संपेल, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी बीझ्ली दांपत्याचा दाखला दिला आणि म्हटले की, यांच्यासारखे करा. वेल्शशिवाय सरकारचा कारभार चालणे अशक्य करून सोडा. पुढे त्यांनी जे सांगितले ते राजकारणी माणसाच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. भाषा स्वराज्याहून मोठी आहे. भाषेला अधिकृत स्थान मिळण्याआधी स्वराज्य मिळाले, तर स्वराज्यातच ती अधिक लवकर मरेल.

हे बोलणे होते त्यांच्या स्वतःच्या पक्षाला उद्देशून. पण पक्षाची धुरा तेव्हा ग्विनवोर एव्हन्स यांच्याकडे होती, आणि त्यांना मते हवी होती दक्षिणेच्या इंग्रजी बोलणाऱ्या खोऱ्यांतही. तेव्हा तरुणांनी १९६२ सालीच एक वेगळी भाषासंस्था काढली. तिच्या मुलामुलींनी पुढली वीस वर्षे रस्त्यांवर बसकण मारली, इंग्रजी पाट्यांना रंग फासला, तुरुंग भरले. आणि पक्ष निवडणुका लढवीत राहिला. भाषेसाठी जन्मलेल्या पक्षालाही भाषेपासून हातभर दूर उभे राहावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्याकडे भाषिक राज्य मागणाऱ्यांना ही अडचण नव्हती. मराठी मुलखात बहुसंख्य माणूस मराठीच बोलत होता. वेल्समध्ये चारांपैकी तिघांची ती भाषाच राहिली नव्हती, आणि तरी ती माणसे स्वतःला वेल्शच म्हणवीत होती.

१९६६ च्या जुलैत कारमार्थनच्या पोटनिवडणुकीत ग्विनवोर एव्हन्स निवडून आले. पार्लमेंटात पक्षाचा हा पहिलाच सभासद. ती जागा मेगन लॉइड जॉर्ज यांच्या मृत्यूने रिकामी झाली होती. त्या लॉइड जॉर्जांच्या कन्या. वेल्सला पार्लमेंट मिळावे या १९५० नंतरच्या सह्यांच्या मोहिमेच्या अध्यक्षा, आणि अखेरीस मजूरपक्षाच्या सभासद! तिन्ही पक्षांचा इतिहास त्या एका मतदारसंघात एकवटला होता. धसका घेतलेल्या मजूर सरकारने दुसऱ्याच वर्षी वेल्श भाषेचा कायदा केला. कोर्टात वेल्श बोलण्याचा हक्क आला. मग कमिशन बसले, मसुदे झाले, आणि १ मार्च १९७९ रोजी, म्हणजे वेल्सचे संत डेव्हिड यांच्या सणादिवशी, लोकांना विचारण्यात आले: वेल्ससाठी विधानसभा हवी काय?

उत्तर आले ते असे: हवी म्हणणारे २,४३,०४८, नको म्हणणारे ९,५६,३३०. आठच्या आठ परगण्यांनी नको म्हटले. मजूर सरकारने मांडलेल्या योजनेविरुद्ध मजूरपक्षाचेच सहा सभासद प्रचारात उतरले होते, आणि त्यांच्यात उठून दिसत होते तरुण नील किनॉक, बेव्हन यांच्याच ट्रेडिगर गावचे. दक्षिणेला सांगण्यात आले की ही विधानसभा म्हणजे वेल्श बोलणाऱ्या मूठभरांचे राज्य होईल. उत्तरेच्या शेतकऱ्याला वाटत होते की ते दक्षिणेच्या खाणवाल्यांचे, मजूरपक्षाचे राज्य होईल. एकाच गोष्टीची दोघांनाही भीती, आणि भीतीचे कारण म्हणजे दुसरा. लंडनचे राज्य निदान दोघांनाही सारखेच परके होते.

त्याच महिनाअखेर मजूर सरकार अवघ्या एका मताने कोसळले. प्लाइड कम्रीच्या तीन सभासदांनी त्या रात्री सरकारलाच मते दिली, आणि त्यासाठी जी किंमत घेतली ती भाषेची नव्हती, विधानसभेचीही नव्हती. पाटीच्या दगडखाणीत धुळीने छाती खराब झालेल्या कामगारांना भरपाई, ही ती किंमत. या पक्षाविषयी माझे मत काहीही असो, तो सौदा मला आवडला.

यानंतरचा काळ सर्वांत चमत्कारिक. मार्गारेट थॅचर यांचा हुजूरपक्ष सत्तेवर आला. वेल्शसाठी स्वतंत्र दूरचित्रवाणी देऊ, असे वचन जाहीरनाम्यात होते. ते मोडण्याचा बेत झाला. तेव्हा ग्विनवोर एव्हन्स यांनी जाहीर केले की ६ ऑक्टोबर १९८० पासून मी प्राणांतिक उपोषण करीन. वय ६८. हे गृहस्थ स्वतः इंग्रजी घरात जन्मलेले, वेल्श नंतर शिकलेले, कट्टर शांततावादी आणि गांधीजींचे चाहते. थॅचरबाई सहसा नमत नसत. पण वेल्सच्या आर्चबिशपांसह तीन वजनदार माणसे गृहमंत्री व्हाइटलॉ यांना भेटून आली, आणि १७ सप्टेंबरला सरकार नमले. उपोषणाची वेळच आली नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात वेल्श वाहिनी सुरू झाली.

पुढे याच पक्षाने १९८८ च्या कायद्याने शाळांत वेल्श हा विषय आणला आणि १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात दोन्ही भाषांना समान लेखण्याचे बंधन घातले. यामागे विन रॉबर्ट्स या वेल्शभाषक राज्यमंत्र्यांची पंधरा वर्षांची चिकाटी होती. विधानसभेला मात्र पक्षाचा कडवा विरोध. मला याचा उलगडा असा होतो: हुजूरपक्षाला वेल्समध्ये गमावण्यासारखे फारसे नव्हते, म्हणून भाषा देता येत होती, सत्ता दिली असती तर ती मजूरपक्षाच्या हाती गेली असती. मजूरपक्षाची गोष्ट नेमकी उलटी. भाषेचे नाव काढले की त्याची दक्षिणेतली मते बिचकत. यांत कोणी भाषेवर प्रेम केलेच नाही असे मी म्हणत नाही. रॉबर्ट्स यांनी केले, ग्रिफिथ्स यांनीही केले. पण दोघांनाही आपापल्या पक्षाची नजर चुकवून ते करावे लागले.

त्या वर्षांतली एक खुसखुशीत आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९३ साली जॉन रेडवूड वेल्सचे मंत्री झाले. एका सभेत वेल्सचे राष्ट्रगीत सुरू झाले. मंत्रिमहोदयांना शब्द येईनात, तेव्हा ते नुसते ओठ हलवीत आणि मान डोलावीत राहिले. चित्रफितीमुळे ते ओठ अजरामर झाले. त्यांच्या जागी १९९५ साली आलेले विल्यम हेग शहाणे निघाले. त्यांनी खात्यातल्या फियन जेंकिन्स या तरुणीकडून राष्ट्रगीताचे शब्द शिकून घेतले, आणि १९९७ साली तिच्याशी लग्न केले!

त्याच १९९७ साली मे महिन्यात हुजूरपक्षाची वेल्समधली एकूण एक जागा गेली, आणि १८ सप्टेंबरला तोच प्रश्न लोकांना पुन्हा विचारण्यात आला. अठरा वर्षांत पुष्कळ बदलले होते. खाणी जवळजवळ संपल्या होत्या. वेल्सने प्रत्येक निवडणुकीत मजूरपक्षाला बहुमत दिले आणि प्रत्येक वेळी राज्य आले दुसऱ्यांचे. ट्रवेरिनच्या गावकऱ्यांना जे १९५७ साली कळले, ते खाणीच्या खोऱ्यांना आता कळले होते. तरीही मतमोजणीच्या रात्री निकाल 'नको'कडे झुकत होता. राजधानी कार्डिफने नको म्हटले. न्यूपोर्टनेही म्हटले, शंभर वर्षांनीही त्या शहराने आपला शब्द बदलला नव्हता. बावीसपैकी एकवीस परगण्यांचे आकडे आले तेव्हा 'नको'वाले पुढे होते. उरला होता एक, कारमार्थनशर. पहाटेच्या सुमारास तो जाहीर झाला: सुमारे २३,००० चे मताधिक्य, 'हवी'च्या बाजूने. सगळ्या वेल्सचा हिशेब झाला तो ५,५९,४१९ विरुद्ध ५,५२,६९८. अवघ्या ६,७२१ मतांनी वेल्सला विधानसभा मिळाली. ज्या परगण्याने ती दिली, त्याच परगण्यात लानगेन्नेख आहे.

१९९९ साली कार्डिफला सभा भरली. तिची पहिली पंचवीस वर्षे मुख्य मंत्रिपद मजूरपक्षाकडेच राहिले. प्लाइड कम्री कधी विरोधात, तर २००७ ते २०११ सरकारात भागीदार. २०११ साली कायदे करण्याचे पूर्ण अधिकार द्यावे काय असे विचारले तेव्हा शेकडा ६३ लोकांनी होकार दिला. वेल्शला अधिकृत भाषेचे स्थान मिळाले तेही २०११ सालीच. सॉन्डर्स लुईस यांनी सांगितलेला क्रम उलटाच झाला. आधी स्वराज्य, मग भाषा. २०१७ साली मजूर सरकारने जाहीर केले की २०५० पर्यंत दहा लाख माणसांना वेल्श येईल असे करू. बेव्हन यांच्या पक्षाने!

आणि २०२१ ची शिरगणती आली. वेल्श येणारे ५,३८,३००, शेकडा १७.८. दहा वर्षांपूर्वी हा आकडा १९ होता. शाळेतल्या मुलांतच घट अधिक. कार्डिफमध्ये, जेथे कोणी अपेक्षा करणार नाही तेथे, प्रमाण किंचित वाढले. कारभार तेथे, नोकऱ्या तेथे, म्हणून वेल्शभाषक तरुण तेथे गेले आणि वेल्श शाळा तेथे भरल्या. सर्वांत मोठी घट मात्र कारमार्थनशरमध्ये होती: दहा वर्षांत शेकडा ४४ वरून ४०.

लानगेन्नेख गावात २०१७ साली पुन्हा एकदा भांडण पेटले. तेथल्या प्राथमिक शाळेत इंग्रजी आणि वेल्श अशा दोन तुकड्या होत्या. परगण्याच्या कौन्सिलाने इंग्रजी तुकडी बंद करून सगळी शाळा वेल्श माध्यमाची केली. त्यावरून शेजाऱ्यांत अबोला झाला, पक्षांची माणसे धावून आली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. आपल्या मुलाला गावातल्या शाळेत इंग्रजीतून शिकता येऊ नये काय, असे विचारणारे आईबाप बहुतेक त्याच मुलखातले वेल्श लोक होते, आणि त्यांना नकार देणारे कौन्सिलही वेल्श बोलणाऱ्यांचेच होते. कौन्सिलाचा तो निर्णय पालकांना दोन्ही भाषांत कळवण्यात आला.